बोटीच्या रेलिंगचे खांब: हिंगणा एमआयडीसीतलं वर्कशॉप

रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर आमची जुनी फायबरची बोट आहे. डेकच्या कडेचे रेलिंगचे खांब डुगडुगायला लागले, म्हणून सगळेच बदलायला काढले. आधी नागपुरात इतवारीतली लोहाओळी, म्हणजे लोखंडी सामानाचा बाजार, पालथी घातली. तिथे ‘रेलिंग पोस्ट’ म्हटलं की जिन्याचे खांब काढून दाखवतात. चकचकीत, पण बूड पातळ. बोटीच्या अशा खांबांना इंग्रजीत ‘स्टँचियन’ म्हणतात; ऑनलाइन शोधणार असाल तर तेच टाका, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘सी’नंतर ‘एच’ हवाच आणि शेवटी ‘आय-ओ-एन’. शेवटी हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांकडून करून घेतले.

मालकांनी पाईपच्या आधी डेकबद्दल विचारलं. “भाऊ, खालून हात जाते न? मंग स्क्रू कायले मारता, आरपार बोल्ट टाका.” तिथेच मी निश्चिंत झालो. 600 मिमी उंचीच्या खांबावर वरून कुणी रेललं आणि बुडाच्या बोल्टांच्या ओळींमध्ये 60 मिमीच अंतर असलं, तर बोल्टांवर त्या जोराच्या जवळपास 10 पट ओढ येते. नुसते स्क्रू असले की भोकं सैल होतात, पाणी डेकच्या आतल्या प्लायवूडपर्यंत मुरतं आणि लाकूड आतून कुजतं. आमच्याकडे तेच सुरू झालं होतं. यांनी प्रत्येक खांबाखाली डेकच्या आतून लावायला रुंद स्टीलची पट्टी दिली आणि बुडाशी सीलंट भरपूर लावा म्हणून बजावलं.

पाईप 25 मिमीचा, 2 मिमी जाड, 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा. महागडा 316 गळ्यात मारला नाही. मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेला 316 खाऱ्या पाण्यासाठी. तलावाच्या गोड्या पाण्याला 304 पुरतो, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

आर्गॉन वेल्डिंग सुरेख आहे. बुडाभोवती नख फिरवलं तर कुठे अडकत नाही. मात्र काही खांबांच्या खालच्या अंगाला वेल्डिंगचा निळसर डाग तसाच होता. गंज तिथूनच धरतो. परत नेले तेव्हा पिकलिंग पेस्ट (डाग काढणारी आम्लाची पेस्ट) लावून साफ करून दिले, जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

वेळ पाळणं मात्र यांना जमत नाही. पोळा-मारबतीच्या आठवड्यात तर काम ठप्पच होतं. दरही लोहाओळीपेक्षा चढे, पण मला ते रास्त वाटले.

जाताना डेकची जाडी, खांबांमधलं अंतर आणि कडेचा उतार कागदावर लिहून न्या. फोनवर मापं घेत नाहीत.