मलेरियाचं रॅपिड टेस्ट किट: वीज नको, मशीन नको, पण निगेटिव्ह आलं की पुढे काय?

मी लॅबवाली आहे, मायक्रोस्कोपला डोळे लावून बरीच वर्षं गेलीत आणि हल्ली लांबच्या वस्त्यांवर काम करणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना ही किट्स वापरायला शिकवायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाहीये, वेगवेगळ्या बनावटीची किट्स हाताखालून गेलीत आणि आतून सगळी साधारण सारखीच निघतात. ज्यांना डॉक्टर, लॅब, रिपोर्ट सगळं हाकेच्या अंतरावर आहे त्यांच्यासाठी ही वस्तू नाहीच मुळी. जिथे दवाखाना गाठायला अर्धा दिवस चालायचं आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची, आणि तिथे पोचल्यावर लॅब बंद असेल तर गप परत यायचं, तिथली ही वस्तू आहे.

डब्यात काय येतं ते आधी बघू. चांदी रंगाच्या पाकिटात प्लास्टिकची कॅसेट, त्यातच ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी, बोट टोचायला लॅन्सेट, रक्त उचलायला छोटा ड्रॉपर किंवा लूप, स्पिरिटचा बोळा आणि बफरची, म्हणजे रक्त पट्टीवर पुढे सरकवणाऱ्या द्रावणाची, बाटली. ग्लोव्हज बहुतेक वेळा नसतात, आणि वापरलेल्या सुया टाकायचा जाड डबाही वेगळा मागवावा लागतो, ऑर्डर देणाऱ्याला हे कोणी सांगत नाही आणि मग फील्डवर गेल्यावर बोंब. वापरायला सोपं आहे, ५ मायक्रोलिटर म्हणजे थेंबापेक्षाही कमी रक्त एका खाचेत, ठरलेले बफरचे थेंब दुसऱ्या खाचेत, मग १५ ते २० मिनिटं थांबायचं. वेळ कंपनीप्रमाणे बदलते, पाकिटातला कागद वाचा. कंट्रोलची रेघ आलीच पाहिजे, ती नसेल तर टेस्ट बाद, दुसरी उघडा. कंट्रोलसोबत टेस्टची रेघ आली तर पॉझिटिव्ह, आणि ती कितीही फिकी असली तरी पॉझिटिव्हच. शिकवताना सगळ्यात जास्त वाद ह्या फिक्या रेघेवरच होतात, "ताई, ही अर्धी आलीय" असं म्हणतात, तर अर्धं काही नसतं.

आत चालतं ते असं की मलेरियाचा परजीवी रक्तात काही प्रथिनं सोडतो, फाल्सिपेरम जातीचं एचआरपी-२ हे त्यातलं मुख्य, आणि पट्टीवर त्या प्रथिनाला पकडणारी अँटीबॉडी आधीच बसवलेली असते. म्हणजे हे किट परजीवी बघत नाही, त्याने मागे सोडलेलं प्रथिन बघतं. हे डोक्यात ठेवा कारण चांगलं वाईट दोन्ही ह्यातूनच येतं.

चांगलं आधी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सांगितलं की मलेरियाचा संशय असलेल्या प्रत्येकाची आधी तपासणी करा आणि मगच औषध द्या, लहान मूल असो की मोठा माणूस. त्याआधी मलेरियाच्या भागात ताप म्हणजे मलेरियाच असं धरून गोळ्या वाटल्या जायच्या, दुसरा इलाज पण नव्हता कारण मायक्रोस्कोप, वीज, रंग आणि स्लाईड वाचणारा माणूस हे चार एका जागी मिळणं म्हणजे चैन होती. किटमुळे ही तपासणी खरोखर शेवटच्या घरापर्यंत पोचली आणि हे छोटं काम नाही. २०२३ मध्ये जगभरात मलेरियाच्या अंदाजे २६.३ कोटी केसेस आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले, त्यातले जवळपास ९५ टक्के आफ्रिका विभागात, आणि तिथे मरणाऱ्या दर चारांतली तीन म्हणजे पाच वर्षांच्या आतली मुलं. फाल्सिपेरमला २४ तासांत उपचार नाही मिळाले तर तो गंभीर होऊ शकतो. त्यामुळे रिपोर्ट परवा घ्यायला या ह्या उत्तराला तिथे काही अर्थच नाही, उत्तर मूल समोर असतानाच पाहिजे, आणि ते हे किट देतं.

अचूकपणाचं म्हणाल तर रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये १००-२०० परजीवी असले तर चांगलं किट पकडतं. चांगला मुरलेला माणूस स्लाईडवर त्याहून कमी परजीवी असले तरी पकडेल, पण रोज शंभर स्लाईड्स बघून थकलेला माणूस पकडेलच असं नाही, हे मी माझ्याच जमातीबद्दल बोलतेय. सगळी किट्स सारखी नसतात मात्र. २००८ ते २०१८ ह्या काळात जागतिक आरोग्य संघटना आणि फाइंड ह्या संस्थेने वेगवेगळ्या बनावटीची किट्स एकाच मापाने आठ फेऱ्यांमध्ये तपासली आणि निकाल उघड छापले. खरेदी तुमच्या हातात असेल तर नुसतं स्वस्त बघू नका, जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता आहे का ते बघा.

आता कटकटी. पहिली उष्णता. पाकिटावर ३० किंवा ४० डिग्रीपर्यंत ठेवा असं लिहिलेलं असतं, आणि जिथे पाठवतात तिथे पत्र्याचं छप्पर. फ्रिज लागत नाही हे खरंय, पण म्हणून कुठेही टाकून चालत नाही, आणि गोठूही द्यायचं नाही. दुसरी ओल. पाकीट फोडलं की लगेच वापरायचं, सकाळी वेळ वाचावा म्हणून पाच पाकिटं फोडून रांगेत मांडून ठेवू नका, हे मी दर ट्रेनिंगला सांगते आणि दर ट्रेनिंगनंतर कोणीतरी करतंच. सिलिकाच्या पुडीचा रंग बदललेला दिसला तर ती कॅसेट फेकून द्या. तिसरी वेळ. तासाभराने रेघ उगवली म्हणून पॉझिटिव्ह धरायचं नाही. आणि बफर! काही डब्यांत २५ टेस्टला मिळून एकच बाटली असते, कोणी एक थेंब जास्त टाकतं, बाटली आधी संपते, कॅसेट उरतात, मग दुसऱ्या किटचं बफर किंवा चक्क पाणी वापरायचा मोह होतो. तसं केलं की खोट्या रेघा येऊ शकतात. एकेका टेस्टला वेगळी छोटी कुपी असलेलं किट मिळत असेल तर तेच घ्या.

ह्या झाल्या वापरायच्या कटकटी, ट्रेनिंगने कमी होतात. काही दोष मात्र किटच्या पोटातच आहेत. एचआरपी-२ हे प्रथिन परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात फिरत राहतं. म्हणजे औषधाचा कोर्स पूर्ण झाला, मूल खेळायला लागलं, तरी टेस्ट पॉझिटिव्ह. त्यामुळे बरं झालं का बघायला हे किट वापरायचंच नाही, नाहीतर त्याच पोराला परत त्याच गोळ्या. आणि आठवड्याभरात परत ताप आला तर स्लाईडच लागते, म्हणजे फिरून लॅबच्या दारात, आमची नोकरी अजून शाबूत आहे म्हणायची.

दुसरा दोष जास्त गंभीर. काही फाल्सिपेरम परजीवींमध्ये हे प्रथिन बनवणारं जीनच गळून गेलंय. २०१० मध्ये पेरूच्या ॲमेझॉन भागातले असे परजीवी पहिल्यांदा नोंदवले गेले, पुढे इरिट्रियामध्ये हे इतकं आढळलं की २०१६ मध्ये त्यांना किटच बदलावं लागलं. अशा माणसाच्या रक्तात परजीवी भरलेले असतात आणि पट्टी कोरी. एखाद्या भागात ह्या कारणाने निगेटिव्ह येणाऱ्या केसेस ५ टक्क्यांच्या वर गेल्या तर दुसऱ्या प्रथिनावर चालणारं किट घ्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हे ५ टक्के मोजणार कोण, तर ज्यांच्याकडे चांगली लॅब आहे ते, आणि किट पाठवलंय तिथे लॅब नाही म्हणून. असं सगळं आहे.

व्हायव्हॅक्स ह्या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचं थोडक्यात सांगते. त्याचे परजीवी यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात, ते ह्या किटला दिसत नाहीत. त्यांच्यावर प्रायमाक्विन चालतं पण त्याआधी जी६पीडी नावाच्या एन्झाइमची तपासणी हवी, नाहीतर काही लोकांच्या लाल पेशी फुटतात. म्हणजे एका किटमागे दुसरं किट.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. टेस्ट निगेटिव्ह आली. आई समोर बसलीय, पोराचं अंग तापलंय, ती तीन तास चालून आलीय, आणि आपण सांगतो मलेरिया नाही. मग काय आहे? किटला माहीत नाही. न्यूमोनिया, टायफॉइड, डेंग्यू, स्क्रब टायफस, की साधा व्हायरल, पट्टी कोरी ती कोरीच. आणि कार्यकर्तीच्या पेटीत फक्त मलेरियाचीच औषधं असतील तर ती बिचारी काय करणार? सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी निगेटिव्ह आलं तरी मलेरियाच्याच गोळ्या दिल्या जायच्या, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून. मग देऊ नका असं ठासून शिकवलं, ते कमी झालं, आणि त्या जागी अँटिबायोटिक्स आली. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत हेच दिसलंय की रॅपिड टेस्ट आली की मलेरियाच्या औषधांचा वापर उतरतो आणि अँटिबायोटिक्सचा चढतो, आणि त्यातली पुष्कळ विनाकारण असतात. लोक ह्याचा दोष कार्यकर्त्यांना देतात. मला नाही पटत. तुम्ही तिला एका आजाराचं नाही म्हणायचं साधन दिलं आणि बाकी कशाचंच काही दिलं नाही.

हेच किट दुसऱ्या पेटीत ठेवून बघा. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून गावपातळीवर मलेरिया, न्यूमोनिया आणि जुलाब एकत्र हाताळायची पद्धत पुढे रेटली. त्यात कार्यकर्तीकडे रॅपिड टेस्ट असते, मलेरियाचं औषध असतं, सोबत श्वास मोजायला टायमर, अमॉक्सिसिलिन, ओआरएस, झिंक आणि कुपोषण बघायला दंड मोजायची रंगीत पट्टी. खोकला आहे तर पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचा, २ ते ११ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या पोराला ४० किंवा जास्त, तर न्यूमोनिया धरून अमॉक्सिसिलिन. श्वास नीट असेल तर अँटिबायोटिक नाही. आता निगेटिव्ह आल्यावर तिच्याकडे बोलायला आणि करायला काहीतरी आहे. आणि श्वास पॉझिटिव्हवाल्याचेही मोजायचे बरं का, एकाच पोराला मलेरिया आणि न्यूमोनिया दोन्ही असू शकतात, शिवाय जिथे मलेरिया फार आहे तिथे पोरं परजीवी रक्तात घेऊन हिंडत असतात आणि ताप भलत्याच कशाचा असतो.

रेघ काहीही येवो, मूल पीत नसेल, सगळं ओकून टाकत असेल, झटके आले असतील, किंवा ग्लानीत असेल तर थेट वर पाठवायचं. वर म्हणजे कुठे आणि कशाने, हा प्रश्न डब्यावर छापलेला नसतो. गाडी नसेल तर रेफरलची चिठ्ठी म्हणजे कागद. सहा वर्षांच्या आतल्या गंभीर मुलांना पाठवण्याआधी गुदद्वारातून द्यायचं आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध असतं, पण तेही वेळ मिळवून देतं इतकंच, पुढचे पूर्ण उपचार मिळाले नाहीत तर उपयोग नाही.

पुरवठ्याचंही तेच. किट्स आली आणि गोळ्या संपल्या, किंवा गोळ्या आहेत आणि किट्स संपली, दोन्ही बघितलंय. पॉझिटिव्ह सांगून औषध नाही म्हणायची वेळ आली की लोक पुढच्या तापाला तुमच्याकडे येत नाहीत, सरळ जो कोणी इंजेक्शन टोचतो त्याच्याकडे जातात, आणि त्यांना मी नावं ठेवणार नाही.

माझे तारे: वस्तू म्हणून साडेचार, अर्धा त्या सामाईक बफरच्या बाटलीचा कापला. एकटं पाठवलं तर अडीच. टायमर, अमॉक्सिसिलिन, ओआरएस आणि पुरेशा गोळ्यांसोबत पाठवलं तर पाच देईन, तिथे बफरचं पण माफ. खरेदी करणाऱ्यांनी एक्सपायरी तारीख डबा हातात घेऊन बघावी, कारण गोदामातच अर्धं आयुष्य गेलेली किट्स येतात, आणि ग्लोव्हज आणि सुयांचा डबा त्याच ऑर्डरमध्ये टाका, नंतर मागवले तर येत नाहीत.