दगड होण्याआधीची टर्न: जीवघेण्या राक्षसांसाठी पायऱ्यांचे नियम, काही महिने वापरल्यानंतर

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीतलं आमचं कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग कथा) सुरू झालं तेव्हाच मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी म्हणून सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवली होती. ज्या राक्षसाची एखादी ताकद एकाच फाशात कॅरेक्टर (खेळाडूचं पात्र) संपवते, तिचा नियम मी बदलणार. राक्षसाचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), हल्ले, आर्मर क्लास (बचावाचा आकडा) यांना हात लावायचा नाही. फक्त एक सेव्ह (धोक्यातून वाचण्यासाठी टाकलेला फासा) हुकला की सगळं संपलं, हा भाग पायऱ्यांमध्ये मोडायचा. तेव्हा कॅरेक्टर चौथ्या लेव्हलला होती, आता आठव्या लेव्हलला आहेत. मधल्या काळात मेड्युसा, बॅसिलिस्क, बॅन्शी, इंटलेक्ट डिव्हाउरर, शॅडो असे बरेच जण येऊन गेले, त्यामुळे या नियमांबद्दल आता खात्रीने लिहिता येतंय.

मेड्युसाच्या नजरेने माणूस दगड होतो. तिचे आकडे पाहिले की बदल का हवा ते लगेच कळतं. 2014 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये (राक्षसांचं नियमपुस्तक) ती सीआर 6 ची आहे (सीआर म्हणजे राक्षस किती अवघड त्याचा आकडा) आणि तिच्या नजरेचा डीसी, म्हणजे सेव्हला गाठायचा आकडा, 14. कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा चिवटपणा) सेव्हला +2 असलेल्या विझार्डला, म्हणजे जादूगाराला, वाचायला वीस बाजूंच्या फाशावर 12 किंवा जास्त पडावे लागतात. पाच किंवा त्याहून जास्त फरकाने हुकलं तर जागच्या जागी दगड, म्हणजे 7 किंवा कमी पडले की संपलं. ही शक्यता 35 टक्के. थोडक्यात हुकलं तर तो रिस्ट्रेन्ड होतो, म्हणजे जागीच जखडला जातो, आणि पुढच्या टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह करतो. दोन्ही वाटा मोजल्या तर एका नजरेत दगड होण्याची शक्यता 46 टक्क्यांवर जाते. उतारा काय, तर ग्रेटर रिस्टोरेशन. तो पाचव्या लेव्हलचा मंत्र, क्लेरिकला (पुजारी पात्राला) स्वतःच्या नवव्या लेव्हलला मिळतो, आणि वर 100 सोन्याच्या नाण्यांची हिऱ्याची पूड लागते. मेड्युसासमोर जाणारी टोळी बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या लेव्हलची असते. म्हणजे विष आज आणि औषध तीन लेव्हलनंतर.

मी केलेला बदल असा: डीसी 14 तसाच. पहिला सेव्ह हुकला की पाय जड होतात, वेग अर्धा. दुसरा हुकला की रिस्ट्रेन्ड. तिसरा हुकला की दगड. सेव्ह दर टर्नच्या शेवटी, आणि एकदा जमला की सुटका. पायऱ्या चढत असलेल्यावर नवी नजर मोजायची नाही. याच विझार्डची दगड होण्याची शक्यता आता साधारण 17 टक्के होते. पण खरा फरक या आकड्यात नाही, सोबत जोडलेल्या एका छोट्या नियमात आहे: शेजारच्या सोबत्याने स्वतःची ॲक्शन (टर्नमधली मुख्य कृती) खर्च केली तर त्या सेव्हला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो. तेवढ्याने हुकण्याची शक्यता 55 वरून 30 टक्क्यांवर येते.

या एका नियमाने लढाई पूर्ण बदलली. फायटर कमरेपर्यंत दगड झालाय, रोगला (चोर-हेर पात्राला) मेड्युसाच्या पाठीत सुरा खुपसायची संधी आहे, आणि त्याच टर्नला फायटरला सावरायचंही आहे. टेबलावर अक्षरशः वाद झाला. कुणी म्हणालं खांबाआड ओढा, कुणी म्हणालं आरसा काढा, कारण उजेडात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर मेड्युसावर तिचीच नजर चालते. मूळ नियमांत याच क्षणी एक फासा पडला असता आणि एक खेळाडू उरलेला वेळ गप्प बसून राहिला असता. आमच्याकडे सगळे उठून उभे राहिले होते. मरणाचा निर्णय फाशाच्या हातून काढून खेळाडूंच्या हातात द्यायचा, एवढंच मला या बदलातून हवं होतं, आणि ते मिळालं.

यावर सोपा उपाय म्हणून डीसी उतरवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो मला पटत नाही. मेड्युसाचा डीसी 10 केला तर तोच विझार्ड 35 टक्के वेळा हुकेल. धोका कमी झाला, पण ज्याचा फासा पडला त्याला करण्यासारखं तेव्हाही काही उरत नाही.

पायऱ्यांची कल्पना जुनीच आहे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीत वेग मंदावणं, मग जागेवर खिळणं, मग दगड होणं, असा क्रम होता. 2013 च्या थर्टीन्थ एज या दुसऱ्या खेळात चार अपयशांनंतर शेवट होतो. पाथफाइंडर या आणखी एका खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत तुमची लेव्हल राक्षसापेक्षा जास्त असेल तर काही घातक ताकदींचा निकाल एक पायरी सौम्य होतो. 2025 च्या नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही मेड्युसाच्या नजरेला पहिलं अपयश आणि दुसरं अपयश असे टप्पे आहेत. मी फक्त एक पायरी वाढवली आणि सोबत्यांना आत येऊ दिलं.

बॅन्शीला मात्र पायऱ्या बसत नाहीत. तिचा आक्रोश दिवसातून एकदाच, डीसी 13, हुकला की थेट 0 हिट पॉइंट. +2 वाल्या चार जणांपैकी किमान तिघं एकदम कोसळण्याची शक्यता 31 टक्के आहे. 0 वर गेलेला लगेच मरत नाही, हे खरं. पण उचलायला उभं कोणी नसेल तर त्याचा काय उपयोग? हा आक्रोश मी हिट पॉइंटला बांधला: निम्म्याहून कमी उरले असतील तोच हुकल्यावर 0 वर जातो, बाकीच्यांना फक्त मानसिक इजा. परिणाम असा झाला की दारामागून रडणं ऐकू आल्याबरोबर सगळे आधी जखमा भरायला बसले. आवाज आधी ऐकवणं हा या नियमाचा निम्मा भाग आहे, तो गाळून चालणार नाही.

इंटलेक्ट डिव्हाउररबद्दल थोडक्यात: सीआर 2 चा हा प्राणी बुद्धी 8 असलेल्या फायटरला एका प्रयत्नात जवळपास 50 टक्के वेळा पूर्ण निकामी करतो, आणि उतारा पुन्हा तोच नवव्या लेव्हलचा. मी बुद्धी एकदम 0 न करता दर वेळी डी-फोरने (चार बाजूंच्या फाशाने) उतरवते, लाँग रेस्टने (रात्रभराच्या विश्रांतीने) ती परत येते. याउलट शॅडोला मी हात लावला नाही. त्याचा प्रत्येक फटका समोरच्याच्या ताकदीचा (स्ट्रेंग्थचा) आकडा डी-फोरने कमी करतो आणि तो 0 झाला की मृत्यू, म्हणजे पायऱ्या तिथे मुळातच आहेत. ताकद 8 असलेला विझार्ड सरासरी साडेतीन-चार फटक्यांत संपतो, आणि गेलेली ताकद परत यायला शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) पुरते. खेळाडूला आकडा घसरताना दिसतो आणि तो पळू शकतो.

त्रासही आहे. एकावेळी तिघं वेगवेगळ्या पायऱ्यांवर असले की लक्षात ठेवणं जड जातं, म्हणून मिनिएचरखाली रंगीत टोकन ठेवा. लढाई दोन-तीन राऊंड लांबते. आणि अशी सौम्य झालेली मेड्युसा एकटी असेल तर सीआर 6 इतकी जड वाटत नाही, त्यामुळे मी तिला उंच जागा देते आणि तिचं धनुष्य वापरते. आमच्या एका खेळाडूला हे नियम आजही फार आवडत नाहीत. एका फाशावर जीव टांगणीला लागण्यातली भीती त्याला हवी असते. त्याचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. ज्या टोळ्या आधी टेहळणी करतात, शंभर प्रश्न विचारतात आणि मगच दार उघडतात, त्यांना मूळ नियमच शोभतात.

इतकं करूनही आमची क्लेरिक बॅसिलिस्कसमोर तिन्ही सेव्ह हुकून दगड झालीच. बॅसिलिस्कच्या घशातल्या रसापासून दगडाचा माणूस करणारं तेल बनवता येतं, असं 2014 च्याच पुस्तकात आहे. सोबत्यांनी त्याचं धूड ओढत किमयागारापर्यंत नेलं, आणि तोवर क्लेरिकच्या खेळाडूने टोळीचा वाटाड्या खेळवला. उतारा त्या लेव्हलला मिळण्यासारखा असायलाच हवा. तो नसेल तर पायऱ्या कितीही घाला, खेळाडू शेवटी रिकामाच बसतो.

बिहोल्डर (डोळ्यांतून किरण सोडणारा राक्षस) अजून समोर आलेला नाही. त्याच्या डेथ रेला मी काही करणार नाही: डीसी 16, सरासरी 55 इजा, आणि त्या इजेने 0 वर गेलात तरच मृत्यू. हिट पॉइंट भरलेले ठेवणं तिथे खेळाडूच्याच हातात आहे.