हजार प्रतींचे पैसे घेतले, छापल्या शंभरच

गोदावरीच्या पुरावरच्या आमच्या चित्रकथेसाठी मी एका प्रकाशकाला ८५,००० रुपये दिले. बोली १,००० प्रतींची झाली होती आणि हाती १०० प्रती पडल्या. चित्रकथा लिहिणाऱ्या नव्या मुलांवर ही वेळ येऊ नये, म्हणून जे घडले ते लिहितो आहे.

कथा २०१६ च्या ऑगस्टमधील पुराची आहे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर पाणी कुठवर आले यावरून आपण नाशिककर पूर मोजतो, त्यामुळे कंबर, छाती, गळा असे पाणी चढेल तशी मी ३२ पाने बांधली होती. प्रत्येक चौकटीत काय दिसावे आणि संवादाचा फुगा कोणत्या कोपऱ्यात बसावा, हे लिहून काढायला आठ महिने लागले. माझ्या चित्रकार मित्राने नफ्यात निम्मा वाटा एवढ्याच बोलीवर, एक रुपयाही न घेता, दीड वर्ष रात्री जागून चित्रे काढली.

प्रकाशक फार अदबीने बोलणारे होते. निर्मितीखर्च लेखकाने उचलायचा, वितरण त्यांनी करायचे आणि विक्रीवर रॉयल्टी द्यायची, असे ठरले. त्या खर्चात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकाचे, ६,००० रुपये वेगळे लावलेले होते. हा क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, हे मला पैसे भरून झाल्यावर कळले.

मला १०० प्रती मिळाल्या आणि उरलेल्या ९०० वितरकांकडे गेल्याचे सांगण्यात आले. चार महिने मेन रोडवरच्या एकाही दुकानात पुस्तक दिसले नाही. विचारले की, “माल पुण्या-मुंबईकडे गेला आहे सर, थोडा धीर धरा,” असे उत्तर येई. खरे काय ते सिडकोतल्या एका ओळखीच्या छापखानेवाल्या काकांनी दाखवले. त्यांनी प्रत हातात घेऊन मुखपृष्ठाच्या घडीवर नख फिरवले, तेव्हा पुराच्या पाण्याचा गडद रंग पापुद्र्यासारखा सुटला आणि खालचा पांढरा कागद दिसू लागला. “ही ऑफसेटची छपाई नाही बाळा,” ते म्हणाले, “ऑफसेटची शाई कागदात मुरते. हे डिजिटल मशीनचे टोनर, म्हणजे रंगाची भुकटी आहे, ती वर नुसती चिकटते आणि घडीवर तडकते. हजार प्रती डिजिटलवर काढणे कोणाला परवडत नाही.” मी छापखान्याचे बिल आणि प्रती पोहोचवल्याचे डिलिव्हरी चलन मागितले, त्या दिवसापासून प्रकाशकांनी माझा फोन उचलला नाही. ही दोन्ही कागदपत्रे दाखवण्याची अट करारातच घालून घ्या आणि शक्य असेल तर प्रती छापखान्यात स्वतः उभे राहून मोजा.

पैशांपेक्षा मोठे नुकसान करारात होते. इंग्रजीतल्या पाच पानांपैकी रकमेचे एक पान मी नीट वाचले आणि बाकीच्या पानांवर विश्वासाने सही केली. त्यात कथेचे सर्व माध्यमांतले हक्क कायमचे दिल्याचे कलम होते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाला आधार आहे. मुदत लिहिलेली नसेल तर हक्कांचे हस्तांतर पाच वर्षांचे धरले जाते, आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो. मात्र करारात वेगळे लिहिले असेल तर हा आधार उरत नाही, आणि माझ्या करारात दोन्ही बाबतींत वेगळेच लिहिलेले होते. लेखक म्हणून आपले नाव सांगण्याचा कलम ५७ मधला हक्क तेवढा हस्तांतरानंतरही माझ्याकडे राहिला.

आमची थोडीफार सुटका झाली ती मित्रामुळे. चित्रांचा कॉपीराइट त्याचा होता, त्याची सही कुठेच नव्हती आणि त्याच्या वतीने मी केलेल्या सहीला अर्थ नव्हता. वकिलांनी हे नोटिशीत मांडल्यावर चित्रांचा वापर थांबला आणि आयएसबीएनचे ६,००० रुपये परत आले. बाकी रकमेसाठी मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि सेवेसाठी आपण दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. घडीवर रंग सुटलेली ती प्रत मी तक्रारीला पुरावा म्हणून जोडली आहे.