एम.एस्सी. प्रकल्पासाठी रूप बदलणारी बुरशी: हिस्टोप्लाझ्मा, बेंजामिनिएला की कँडिडा?

शिवाजी विद्यापीठाच्या विभागांत किंवा कोल्हापूर परिसरातील संलग्न महाविद्यालयांत जीवरसायनशास्त्राचा अथवा सूक्ष्मजीवशास्त्राचा अंतिम वर्षाचा प्रकल्प निवडताना, ज्यांना रोगकारक बुरशींच्या द्विरूपतेवर काम करायचे आहे, त्यांनी तीन बुरशींचा शेजारी शेजारी ठेवून विचार करावा असे मला वाटते. यीस्टच्या गोल, सुट्या पेशी आणि लांबट कवकतंतू अशी दोन्ही रूपे या तिघींना घेता येतात. मात्र रूप बदलायला लावणारा संकेत, पेशीच्या आत त्यानंतर घडणारे रसायन आणि ती हाताळण्यासाठी लागणारी सुरक्षा या तिन्ही बाबतींत त्यांच्यात मोठे अंतर आहे, आणि निवड या अंतरावरच ठरायला हवी.

पहिला फरक बदलाच्या दिशेचा आहे. कँडिडा अल्बिकन्स शरीराच्या तापमानाला, अनुकूल संकेत मिळाले तर, यीस्टमधून तंतुरूपात जाते; हिस्टोप्लाझ्मा कॅप्सुलेटम नेमकी उलटी, म्हणजे मातीत 25 अंश सेल्सिअसच्या आसपास तंतुरूप आणि 37 अंशांना, फुप्फुसात गेल्यावर, यीस्ट. बेंजामिनिएला पॉइट्रासी ही रोग न करणारी बुरशी 37 अंशांना, माध्यमात ग्लुकोज असताना, यीस्टरूपात राहते आणि 28 अंशांना तंतू धरते. त्यामुळे तंतू म्हणजे रोग असे सरसकट समीकरण मांडून प्रकल्पाची प्रस्तावना लिहिली, तर ती पहिल्याच परिच्छेदात चुकते.

हिस्टोप्लाझ्माचे जीवरसायन तिन्हींमध्ये सर्वांत नाट्यमय आहे. तंतुरूप बुरशी 25 वरून 37 अंशांना नेली की तिच्या मायटोकाँड्रियातील श्वसन आणि एटीपीची निर्मिती यांची सांगड तुटते, एटीपीची पातळी घसरते, आरएनए व प्रथिनांचे संश्लेषण मंदावते आणि पेशी काही दिवस जवळजवळ सुप्त होतात. या सुप्तावस्थेतून बाहेर पडून श्वसन पुन्हा सुरू होण्यासाठी सिस्टीनसारखे सल्फहायड्रिल गट असलेले संयुग बाहेरून मिळावे लागते. हे गट बांधून ठेवणारे पीसीएमएस नावाचे रसायन दिल्यावर बुरशी 37 अंशांनाही कायमची तंतुरूपात अडकते आणि उंदरांना संसर्ग करू शकत नाही, हे 1986 मध्ये दाखवले गेले. पुढे 2006 मध्ये डीआरके1 हा हिस्टिडीन कायनेज (बाहेरचा संकेत पेशीत पोचवणारे एन्झाइम) या बदलाचा नियंत्रक म्हणून पुढे आला. यीस्टरूपाच्या पेशीभित्तीवरचे अल्फा-1,3-ग्लुकन खालचे बीटा-ग्लुकन झाकते आणि आपल्या रोगप्रतिकारक पेशींच्या डेक्टिन-1 या ग्राहकाला ते दिसू देत नाही. रूप बदलणे आणि रोग होणे यांचा दुवा इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

तरीही ही बुरशी वाढवण्याचा विचार पदव्युत्तर विद्यार्थ्याने करू नये, असे मी ठामपणे सांगेन. तिच्या तंतुरूपाचे सूक्ष्म बीजाणू 2 ते 5 मायक्रॉन आकाराचे असतात, हवेत सहज उडतात आणि फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणून तिच्यासाठी जैवसुरक्षा पातळी 3, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा, लागते. ज्यांचे मन तिच्यावरच जडले आहे त्यांनी सार्वजनिक जीनोम माहितीवर आधारलेला संगणकीय प्रकल्प घ्यावा. उदाहरणार्थ, हिस्टोप्लाझ्मातील आरवायपी1 आणि कँडिडातील डब्ल्यूओआर1 ही नियामक प्रथिने एकाच कुळातली आहेत; त्यांची तुलना हा स्वतंत्र आणि पुरेसा विषय आहे.

बेंजामिनिएलाची बाजू याच्या अगदी उलट आहे. तिच्यापासून धोका नाही आणि तिच्यावरचे महत्त्वाचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले आहे. ग्लुटामेट डिहायड्रोजनेज या एन्झाइमची एनएडीवर चालणारी आणि एनएडीपीवर चालणारी अशी दोन रूपे असतात (एनएडी व एनएडीपी हे एन्झाइमला मदत करणारे सहघटक); या दोन क्रियाशीलतांच्या गुणोत्तराचा बुरशीच्या रूपाशी संबंध असल्याचे तेथील संशोधकांनी 1992 मध्ये मांडले. अमोनिया पेशीत सामावून घेणे आणि ग्लुटामेट तोडून ऊर्जा मिळवणे या दोन प्रवाहांचा तोल रूपाबरोबर बदलतो, ही कल्पना शुद्ध जीवरसायनाच्या विद्यार्थ्याला फार मोलाची आहे. मोजणीही आवाक्यातली आहे: पेशी फोडून मिळवलेला अर्क, अल्फा-कीटोग्लुटारेट, अमोनियम क्षार आणि एनएडीएच किंवा एनएडीपीएच एवढे घेऊन 340 नॅनोमीटरला प्रकाशशोषण कसे घटते ते पाहायचे. साधा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो.

तिच्या दोन मर्यादा आहेत. जनुकीय साधने तुटपुंजी आहेत, आणि रोगाशी असलेला संबंध तुलनेनेच सांगावा लागतो. शिवाय 28 अंशांची जोपासना कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत खोलीच्या तापमानावर सोडता येत नाही. थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर आणि वीज गेल्यावर त्याला आधार आहे की नाही, हे विषय ठरवण्याआधीच पाहावे.

स्पोरोथ्रिक्स शेंकी ही काट्याच्या किंवा काडीच्या जखमेतून शिरणारी, हिमाचलातील कांग्रा खोऱ्यात आढळणारी बुरशीही तापमानानुसार रूप बदलते. पण मार्गदर्शकांना तिचा अनुभव असेल तरच तिच्याकडे वळावे.

राहिली कँडिडा, आणि रोगाशी थेट जोडलेले प्रायोगिक काम करायचे असेल तर माझा कौल तिलाच आहे. ती जैवसुरक्षा पातळी 2 वर हाताळता येते, आणि रक्तद्रवात (सीरममध्ये) 37 अंशांना ठेवल्यावर दोन ते तीन तासांत अंकुरनलिका, म्हणजे यीस्ट पेशींतून फुटणारे तंतूंचे पहिले कोंब, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आत घडणारी साखळीही चांगली उलगडलेली आहे: रास1 हे प्रथिन सायआर1 या ॲडेनिलिल सायक्लेजला चेतवते, चक्रीय एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू वाढतो, त्यामुळे प्रोटीन कायनेज ए क्रियाशील होते आणि ईएफजी1 हा नियामक तंतूंची जनुके सुरू करतो. सायआर1 वर बायकार्बोनेट थेट परिणाम करते, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा संकेतही तेथेच पोचतो. एचएसपी90 हे प्रथिन एरवी हा मार्ग दाबून ठेवते आणि तापमान वाढल्यावर तो दाब सैल होतो. तंतुरूपात ईसीई1 या प्रथिनापासून कँडिडालायसिन हे 31 अमिनो आम्लांचे पेप्टाइड तयार होते आणि ते आपल्या उपकला पेशींच्या पटलाला भोके पाडते. हे 2016 मध्ये उघड झाले. त्याआधी, 2003 मध्ये, यीस्टरूपातच अडकवून ठेवलेली कँडिडा उंदरांच्या अवयवांपर्यंत पोचते, पण उंदीर मरत नाहीत, असे दिसले होते. पसरणे आणि इजा करणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे त्यातून कळते.

अडचण अशी की कँडिडाला संकेत अनेक चालतात: रक्तद्रव, एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन, उदासीन पीएच, कार्बन डायऑक्साइड, काही अमिनो आम्ले. रक्तद्रवातील घटक निश्चित नसतात, म्हणून त्याच्यावर आधारलेल्या निकालातून नेमके कारण सांगता येत नाही. रसायनाचा प्रश्न असेल तर एन-ॲसिटिलग्लुकोसमाइन घातलेले निश्चित माध्यम बरे. चक्रीय एएमपी मोजण्याचे किट महाग असते, तेव्हा कमी खर्चात काम करणाऱ्यांनी पेशीभित्तीतील कायटिन मोजावे, कारण तंतूंमध्ये ते यीस्टच्या सुमारे तिप्पट असते. 30 आणि 37 अंश, आणि प्रत्येक तापमानाला संकेतासह व संकेताविना, असे चार गट ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. पेशींची सुरुवातीची संख्याही प्रत्येक वेळी मोजून समान ठेवावी: प्रति मिलिलीटर 10 लाखांच्या वर दाटी झाली की पेशी स्वतःच सोडलेले फार्नेसॉल सायआर1 ला रोखते आणि सगळे संकेत बरोबर असूनही तंतू फुटत नाहीत.