चार आठवड्यांचे प्रतिजैविक: हातावरची सुई की पिक लाइन?

रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू सापडले की औषध कोणते हे डॉक्टर ठरवतात. ते कोणत्या मार्गाने द्यायचे, हातावरच्या शिरेत बसवलेल्या सुईतून की पिक लाइन नावाच्या, दंडातून घातलेल्या लांब नळीतून, याबाबत मात्र नातेवाइकांचे मत विचारले जाते. उपचार सात दिवसांचा असेल तर हातावरची सुई बहुधा पुरते. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स चाचणीत, 3608 रुग्णांमध्ये, सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांच्या उपचाराहून उणा ठरला नाही. परंतु त्या चाचणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण घेतले नव्हते, आणि माझ्या आईच्या रक्तात नेमका तोच जंतू होता.

मधुमेहामुळे चिघळलेल्या पायाच्या जखमेतून तो रक्तात शिरला होता. टूडी इकोमध्ये हृदयाच्या झडपा स्वच्छ दिसल्या, पण उपचार सुरू होऊन तीन दिवस उलटल्यावर घेतलेले कल्चरही पॉझिटिव्ह आले. त्यामुळे पहिल्या निगेटिव्ह कल्चरपासून चार आठवडे मोजायचे ठरले. सेफॅझोलिन हे प्रतिजैविक दर आठ तासांनी, म्हणजे एकूण 84 डोस.

सुईच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती खाटेवरच बसवता येते, खर्च किरकोळ असतो आणि शंका आली तर तत्काळ काढून टाकता येते. शिवाय रक्तात जंतू असेपर्यंत पिक लाइन शक्यतो घालत नाहीत, कल्चर निगेटिव्ह आल्यावरही दोन-तीन दिवस थांबतात. तेव्हा सुरुवातीचे दिवस सुईवरच काढावे लागतात.

आमचा निर्णय झाला तो रात्री दोनच्या डोसमुळे. औषध सुरू केले की आई कण्हू लागे, पाहावे तर मनगटाच्या वर शीर दोरीसारखी ताठ, लाल आणि गरम झालेली असे. मग सिस्टर पट्टा बांधून, थापट्या मारून नवी शीर शोधत. ती सापडेपर्यंत कधी तीन वाजत. नऊ दिवसांत पाच वेळा सुई बदलली आणि शेवटी दोन्ही हात इतके सुजले की तिला पाण्याचा पेला धरता येईना.

पिक लाइन सोनोग्राफीत पाहून दंडाच्या शिरेतून घालतात आणि तिचे टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोहोचते. ज्या रुग्णाचे रक्त नुकतेच जंतुमुक्त झाले आहे त्याच्या हृदयापाशी नळी ठेवायची, या विचाराने मी दोन दिवस होकार दिला नाही. ती भीती निराधार नव्हती, कारण नळीतूनही संसर्ग होऊ शकतो आणि दंडात गुठळीही होऊ शकते. दर आठवड्याला ड्रेसिंग बदलणे, प्रत्येक डोसआधी तोटी स्पिरिटच्या बोळ्याने घासून पुसणे आणि आंघोळीला दंड प्लास्टिकने गुंडाळणे, यांतले काहीच टाळता येत नाही. आम्ही ते नेमाने केले. उरलेले डोस घरीच झाले आणि रात्रीच्या डोसला आई कूसही बदलत नसे.

एका रुग्णाच्या अनुभवावरून सर्वांसाठी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तरीही शिरा नाजूक असतील आणि उपचार दोन आठवड्यांहून अधिक चालणार असेल, तर मी पिक लाइनकडेच झुकेन. मूत्रपिंडाचा जुना आजार असल्यास मात्र होकार देण्याआधी त्या तज्ज्ञांना अवश्य विचारावे, कारण पुढे डायलिसिसची वेळ आली तर फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिसकरिता शीर आणि धमनी जोडण्यासाठी, दंडाच्या याच शिरा लागतात.