गाडी सिग्नलला तापते: बेल्टचा पंखा ठेवावा की इलेक्ट्रिक लावावा?

धावताना गाडी थंड, आणि गर्दीत उभी राहिली की तापमानाचा काटा चढायला लागतो, अशी तक्रार असेल तरच हा प्रश्न तुमचा आहे. मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० ला गाडी तापत असेल तर पंख्यावर पैसे घालू नका. त्या वेगाला समोरचा वारा रेडिएटरला पुरून उरतो, तिथे पंखा असून नसून सारखाच. मग दोष रेडिएटरच्या नळ्यांत बसलेल्या गाळात शोधा, मागे गेलेल्या टायमिंगमध्ये (म्हणजे ठिणगी उशिरा पडते आहे का ते) शोधा, नाहीतर रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, म्हणजे रबरी नळीत. हा होज जुना होऊन मऊ पडला की रेस वाढवताच पंप त्याला आत ओढतो आणि तो चपटा होतो. गाडी उभी करून बॉनेट उघडेपर्यंत मात्र पूर्ववत झालेला असतो. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे दिसत असतील तर आधी हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधली सीलपट्टी) बघा. हे सगळं तुम्ही पाहिलं आहे आणि गाडी फक्त उभी असतानाच तापते, असं धरून पुढचं लिहितो.

माझी गाडी साठच्या दशकातली, चार सिलिंडरची, लोखंडी ब्लॉकची. आधी मूळ पंखा काढून इलेक्ट्रिक लावला, दोन उन्हाळे वापरला, आणि मग परत बेल्टच्या पंख्यावर आलो.

इलेक्ट्रिकचं कौतुक आधी, कारण ते खरं आहे. बेल्टच्या पंख्याचं मूळ दुखणं असं की वाऱ्याची गरज सगळ्यात जास्त असते तेव्हाच तो सगळ्यात हळू फिरतो. आयडलला, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीत, इंजिन मिनिटाला ७००-८०० फेऱ्यांवर, पंखाही जवळपास तेवढाच. इलेक्ट्रिकला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणंघेणं नाही. सिग्नलला काटा एका ठिकाणी पोचला की खटका वाजायचा, पंखा घोंगावायचा आणि दीड-दोन मिनिटांत काटा खाली. सकाळी इंजिनही लवकर गरम व्हायचं. चौथ्या गिअरमधली ती घरघर गेली, याचा मला खरंच आनंद झाला होता. ताकद वाचते असं म्हणतात आणि हिशेबाने ते बरोबर आहे: पंख्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या की त्याला लागणारी ताकद आठपट होते. पण चढावर गाडी चालवताना मला स्वतःला तो फरक कधी जाणवला नाही. जास्त ताकदीच्या गाडीत जाणवत असेल.

गाडी बंद केल्यावरही पंखा चालू राहतो, हा फायदा मात्र थोडा जपून मोजावा. पाण्याचा पंप बेल्टवरच आहे. इंजिन थांबलं की पाणी फिरायचं थांबतं आणि पंखा फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करत बसतो. ब्लॉकमधली उष्णता ब्लॉकमध्येच राहते. बॉनेटखालची हवा हलते आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळण्याचा त्रास थोडा कमी होतो, एवढं मी अनुभवलं आहे. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नये.

मला अडलं ते डायनॅमोपाशी, म्हणजे बेल्टवर फिरून गाडीला वीज देणाऱ्या जुन्या जनित्रापाशी. डायनॅमो आयडलला जवळजवळ काहीच देत नाही, हे जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पूर्ण फेऱ्यांवरही त्याची झेप मर्यादितच. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणाऱ्या ल्यूकस सी-४० डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअर. आता रात्रीचा हिशेब करा. हेडलाइट ८-९ अँपिअर, इग्निशन ३-४, मागचे-पुढचे छोटे दिवे धरून आणखी दोन-तीन. त्यात माझा पंखा चालताना १० अँपिअरच्या आसपास घ्यायचा, सुरू होण्याच्या क्षणी त्याहून बराच जास्त.

एका पावसाळी रात्री मी लांबच लांब रांगेत अडकलो होतो. वायपर चालू, हेडलाइट चालू. पंख्याचा खटका वाजला आणि समोरच्या गाडीच्या डिकीवर पडलेला माझाच प्रकाश पांढऱ्याचा पिवळा झाला. वायपर अर्ध्या काचेवर रेंगाळायला लागला. अँमीटरचा (बॅटरीत वीज जाते की बाहेर येते ते दाखवणारा) काटा वजाच्या टोकाला. पंखा थांबला की प्रकाश परत यायचा, दोन मिनिटांनी पुन्हा खटका. पाऊण तास मी तापमानाच्या काट्याऐवजी अँमीटरकडे बघत बसलो, आणि क्लच दाबून रेस देत राहिलो, म्हणजे डायनॅमो काहीतरी देईल. थंड ठेवायला आणलेल्या पंख्यासाठी इंजिनाला रेस द्यावी लागत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीने स्टार्टर फिरवला नाही.

यावर अल्टरनेटर, म्हणजे आयडललाही पुरेशी वीज देणारं नव्या प्रकारचं जनित्र, हा उपाय आहेच, आणि चांगला आहे. पण मग काम पंख्यापुरतं राहत नाही. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या. अर्थ बदलायचा, डायनॅमोचा रेग्युलेटर बाद करायचा, मुख्य वायर जाड टाकायची, अँमीटर तेवढा प्रवाह झेलेल का ते बघायचं. (पॉझिटिव्ह अर्थवर पंखा वायरचे रंग बघून जोडला तर तो उलटा फिरतो आणि वारा उलट दिशेला फेकतो. जोडल्यावर रेडिएटरसमोर कागदाचा कपटा धरून बघा.) मला गाडीची वायरिंग तिच्या मूळ रूपात हवी होती. तुम्हाला तसं काही नसेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो, आणि त्यात चूक काही नाही.

परत बेल्टचा पंखा बसवताना मी एक गोष्ट केली, जी खरं तर पहिल्यांदाच करायला हवी होती: पंख्याभोवती श्राउड (पंख्याला घेरणारं कडं) बसवला. माझ्या गाडीला तो कंपनीकडूनच नव्हता. श्राउड नसला की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी पात्यांच्या टोकांवरून स्वतःचीच गरम हवा फिरवत राहतो. पत्र्याचं साधं कडं, पात्यांच्या टोकापासून साधारण २५ मिलिमीटर अंतर, आणि पात्याची निम्मी रुंदी कड्याच्या आत, निम्मी बाहेर. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून अंतर याहून फार कमी ठेवू नये. त्यासोबत रेडिएटर उघडून नळ्या साफ करून घेतल्या आणि पत्र्याच्या चार पात्यांऐवजी जास्त पात्यांचा प्लास्टिकचा पंखा लावला. आता उन्हाळ्यात रांगेत काटा चढतो, पण एका जागी येऊन थांबतो. इलेक्ट्रिकइतका झटकन खाली येत नाही, हे कबूल. पण दिवे पांढरे राहतात.

घरघर परत आली आहे. तिची सवय झाली.

गाडीला अल्टरनेटर आधीपासून असेल आणि रोजचं चालवणं गर्दीतलंच असेल, तर इलेक्ट्रिक जरूर लावा. फक्त तो रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या बाजूला बसेल असा बघा. पुढे बसवलेला पंखा धावताना येणारा वारा अडवतो. जाळीतून आरपार जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तो बांधू नका, कंपनांनी त्या नळ्या घासतात. रिले (पंख्याचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) आणि फ्यूज हवाच. डायनॅमो असेल तर आधी श्राउड करून एक उन्हाळा काढा. आणि मूळ पत्र्याचा पंखा ठेवणार असाल तर तो उतरवून प्रत्येक पात्याचं मूळ, रिव्हेट आहेत तिथे, ब्रशने स्वच्छ करून भिंगाखाली बघा. माझ्या जुन्या पंख्याच्या एका पात्याला तिथे केसाएवढी चीर होती, आणि ती रंगाखाली झाकलेली होती.