स्केल ओळखायची की स्वरांचा माग काढायचा?

जेरोम कर्न यांची १९३९ सालची 'ऑल द थिंग्ज यू आर' ही जॅझमध्ये लोकप्रिय धून ३६ बारमध्ये (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) ए-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट, जी आणि ई अशा पाच मेजर स्केल (ठरावीक सात स्वरांच्या मालिका) फिरून येते. तिच्यावर इम्प्रोव्हाइज करायचं, म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, तर अभ्यासाच्या दोन वाटा.

एक, कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचे) गट पाडून प्रत्येक गटाची स्केल ठरवायची. नकाशा पटकन हाती येतो, नवख्याला धीर येतो. पण स्केल बदलली की सोलोतला (एकट्याने वाजवलेल्या भागातला) सांधा लगेच कळतो.

दुसरी, प्रत्येक कॉर्डचा, त्याच्या मूळ स्वरापासून मोजलेला, तिसरा आणि सातवा स्वर पुढे कुठे सरकतो ते पाहायचं. डी-फ्लॅट मेजर सेव्हन या कॉर्डमधले एफ आणि सी घ्या. जी सेव्हन आला की एफ जागेवरच, सी अर्धा स्वर उतरून बी. मग सी मेजर सेव्हनवर बी तसाच, एफ उतरून ई. ए-फ्लॅट स्केलवरून सी स्केलवर एवढी दूरची उडी, आणि बोटं जेमतेम हलली! पियानोवर हे दोनच स्वर वाजवून बघा, अंगावर काटा येतो.

मला हीच वाट पटते, वेळ लागला तरी. ब्रिजच्या (धुनेच्या मधल्या, वेगळ्या भागाच्या) शेवटी ई मेजरचा तिसरा स्वर जी-शार्प लांबत राहतो आणि पुढच्या एफ मायनर कॉर्डवर तोच (पियानोवर पट्टी तीच, नाव वेगळं) ए-फ्लॅट होऊन पुन्हा तिसरा स्वर ठरतो. नुसत्या स्केलच्या यादीत हे दिसत नाही.